मापाड्याच्या बायकोचं वजन

हसायचं असंल तर खुशाल हसा, पण आधी चहा घ्या. बायकोनं, सुमननं केलाय. ती आत भांडी वाजवती आणि मी इथं बसून तो आवाज ऐकतो, याची मला अजून सवय झालेली न्हाई बघा. मागच्या दिवाळीच्या तोंडावर तो आवाज पंधरा-वीस दिवस बंद होता. त्या दिवसांत मी जो गाढवपणा केला, तो आज तुम्हाला सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेला बरा. तात्या सांगायला लागले तर मीठमिरची लावून सांगतील.

मी मापाडी. उदगीरच्या मोंढ्यात एकतीस वर्षं झाली. शेतकरी माल आणतो, आडत्याच्या दुकानापुढं ढीग घालतो, हमाल कट्टे म्हंजे पोती भरतात आणि मी काट्यापाशी उभा राहून वजन बोलतो. मी बोललो की शेतकऱ्यानंबी मान हलवायची आणि आडत्यानंबी. एकतीस वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी हरकत घेतलेली न्हाई.

आणि काटा तरी कशाला पायजे हो मला? हमालानं कट्टा पाठीवर घेतला की त्याच्या चालीवरून मी सांगतो, "एकसष्ट!" काट्यावर टाकला की एकसष्ट. फार तर अर्धा किलो इकडं-तिकडं. त्याची एवढी मिजास चढली होती की माणसंबी सोडायचो न्हाई. लग्नात नवरदेव घोड्यावर बसला की मी शेजारच्याच्या कानात सांगणार, "अठ्ठ्याऐंशी. घोडं वाकलं बघ." सुमन कोपरानं ढोसायची. म्हणायची, "अहो, अक्षता टाका. वजनं कसली करता!"

तर, मागच्या सीझनला सोयाबीनची आवक जोरात होती. मला मान वर करायला सवड न्हाई. सुमनला ताप आला. तिनं चार दिवस अंगावर काढला, मीबी काढू दिला. पाचव्या दिवशी तिला बोलताना दम लागायला लागला. एक वाक्य सुरू करायची आणि मधीच थांबायची. उदगीरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "लातूरला न्या. आत्ता." ते 'आत्ता' असं म्हणाले की मी अनवाणीच गाडीत बसलो. लातूरला उतरल्यावर पायाला खडे टोचले तेव्हा कळलं.

न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं भरलेली. रक्तदाब खाली गेलेला. त्यांनी तिला झोपेचं औषध दिलं, तोंडातून नळी घातली आणि श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मी आयसीयूच्या काचेतून बघत होतो.

मोठे डॉक्टर बाहेर आले. शांत माणूस. म्हणाले, "औषधं त्यांचं काम करतील, मशीन श्वास देईल. पण शरीराला झुंजायला ताकद लागते. ती जेवणातून येते. आम्ही नाकातल्या नळीतून जेवण देणार आहोत. ते बरोबर मापात गेलं पाहिजे. कमी पडलं तर अंगातलं मांस झडतं, जास्त झालं तर शरीराला पेलत नाही."

मापात! मी मनात म्हटलं, चला, आपल्या ओळखीचा एक तरी शब्द निघाला. मला वाटलं, ह्यात तरी आपला काहीतरी उपयोग होईल.

इथं आता तात्यांना आणायला लागतंय. तात्या म्हंजे सुमनचे थोरले भाऊ. उमरीचे. शेती हाय, आवाज मोठा हाय, मन त्याहून मोठं हाय, पण बहिणीच्या बाबतीत माणूस लई संशयी. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, "दाजी, आमची सुमी अंगानं बारीक हाय. तिला उपाशी ठेवू नका." का ठेवीन मी उपाशी? पण तेव्हापासून दर भाऊबीजेला ते सुमनकडं बघणार, म्हणणार, "सुमे, वाळलीस गं," आणि मग माझ्याकडं बघणार. तोंडानं काही न्हाई. नुसतं बघणार. सत्तावीस वर्षं हे बघणं मी सोसलंय हो!

तात्या तिसऱ्या दिवशी पोचले. आयसीयूत एकावेळी एकालाच सोडतात. आत गेले, दोन मिनिटांत डोळे पुसत बाहेर आले. बाकावर बसले. मग म्हणाले, "दाजी, काय बी म्हणा. अंग मात्र चांगलं भरलंय सुमीचं."

आणि खरंच, तिचा चेहरा गोल झाला होता. हात टुमटुमीत. पावलं भरलेली. आता शहाण्या माणसानं विचार केला असता, की तीन दिवस पोटात घास न्हाई, मग ही बाई भरली कशानं? पण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तात्यांच्या तोंडून चांगला शब्द निघालेला! मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मग! घरचं दूध-तूप हाय."

हे बोलतोय तोवर रेणुका मॅडम आल्या. ह्या आयसीयूतल्या आहारतज्ज्ञ. किनवटकडची पोरगी, माझ्या लेकीएवढी असंल, हातात वही आणि गळ्यात शिंप्यासारखी टेप. पेशंटला नळीतून काय द्यायचं, किती द्यायचं, ते ह्या ठरवणार.

"काका, काकूंचं वजन किती होतं? आजारी पडायच्या आधी?"

आता बघा. प्रश्न सरळ होता. त्याचं खरं उत्तरबी सरळ होतं, 'माहीत न्हाई.' दोन शब्द. पण शेजारी तात्या. मापाड्याला बायकोचं वजन माहीत न्हाई, हे मी त्यांच्यापुढं कबूल करू? उमरीपर्यंत बोभाटा झाला असता. मी काचेतून आत बघितलं. सुमन पलंगावर. एकदा डोक्याकडून बघितलं, एकदा पायाकडून. आणि मोंढ्यात बोलतो त्या आवाजात बोललो,

"बहात्तर!"

पलीकडच्या बाकावरची दोन माणसं दचकून उठली.

"बहात्तर?" मॅडमनी वहीतून मान वर केली. "आधीचं ना काका, आजाराच्या आधीचं?"

"आधीचं काय, आत्ताचं काय? माणूस काय चार दिवसांत बदलतंय का?"

तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बहात्तर! ऐकलं का मॅडम? आम्ही दिली तवा चाळीस बी नव्हती. सुखात ठेवलंय दाजीनं." आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. आता तुम्हीच सांगा, ह्याच्यानंतर आकडा कसा मागं घ्यायचा?

मॅडमनी लिहून घेतलं. जेवण सुरू झालं. जेवण म्हंजे काय, पांढरं पिठुळ पाणी! पिशवीतून नळीत, नळीतून नाकात, नाकातून पोटात. थेंब थेंब. मी सिस्टरला म्हणालो, "ह्यानं काय व्हणार हो? एखादी भाकर कुस्करून घाला की दुधात." सिस्टर हसली. "काका, ह्यात सगळं आहे. भाकरीत नाही ते पण आहे." दर थोड्या तासांनी ती येणार, नळी तपासणार, पोटात किती शिल्लक ते बघणार, सुमनची मान सरळ करणार, ओठ ओले करणार. सुमनला यातलं काही कळत नव्हतं. तरी सिस्टर प्रत्येक वेळी म्हणायची, "काकू, जेवायची वेळ झाली हं." ते ऐकलं की मला भडभडून यायचं. चार दिवस ताप असताना मी तिला एकदा तरी असं विचारलं होतं का? मोंढ्यात आवक जोरात होती ना!

पाचव्या-सहाव्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. कपाळाला आठी.

"काका, काकूंची शुगर वर जातेय. नळीतलं फीड पण पोटात साठून राहतंय. मी सुरुवात मुद्दाम कमीनंच केली होती, म्हणून काळजीचं काही नाही. पण वाढवायच्या आधी एकदा विचारते. नक्की बहात्तर?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी टेप काढली, आत गेल्या, सुमनचा हात कोपरापासून मनगटापर्यंत मोजला. बाहेर येऊन वहीत काहीतरी मांडलं. "यावरून उंचीचा अंदाज येतो. या उंचीला बहात्तर मला जरा जास्त वाटतंय."

खरं म्हंजे मला मधी एक वाट मिळाली होती. 'असंल मॅडम, माझा अंदाज चुकला असंल,' एवढं म्हणायचं होतं. पण मी म्हणायच्या आत तात्या उठले.

"मॅडम, तुम्ही कुणाला बोलून राहिल्या, ठावं हाय का? एकतीस वर्षं काट्यावर उभा हाय हा माणूस! डोळे झाकून वजन सांगतो! तुम्ही हाताला टेप लावून सांगणार? दाजी, तुम्ही गप का? काटा आणा! दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या!"

आणि मी काय केलं? गप्प बसलो? न्हाई. मोंढ्यात रफिकला फोन लावला.

रफिक आमच्या हमालांचा मुकादम. वीस वर्षांची दोस्ती. मी एवढंच म्हणालो, "रफिकभाई, मोठा काटा घेऊन लातूरला ये. भाभीचं वजन करायचंय." दुसऱ्या माणसानं विचारलं असतं, का, कशाला, डोकं ठिकाणावर हाय का? रफिक म्हणाला, "निकला." दुपारी टेम्पो दवाखान्याच्या दारात हजर! त्यात तीनशे किलोपर्यंत मोजणारा काटा, रफिक आणि आणखी दोन हमाल, डोक्याला टॉवेल बांधलेले.

दारातला वॉचमन पुढं आला. "कशाची डिलिव्हरी?"

"काटा हाय."

"कुठं न्यायचाय?"

"आयसीयूत."

वॉचमननं एकदा काट्याकडं बघितलं, एकदा रफिककडं. "तिथं काय पोती मोजायचीत का?"

"पोती न्हाई, भाभी," रफिक म्हणाला. तो अगदी मनापासून सांगत होता हो! पण वॉचमननं शिट्टी मारली आणि आणखी दोन वॉचमन आले. तेवढ्यात हमालांनी 'हुप्प' करून काटा पोर्चमधी उतरवला. लिफ्टच्या दारात अडकला. आडवा केला, उभा केला, जाईना. वर जाणारी माणसं खोळंबली. "अहो, पेशंट आहे, पेशंट!" "हे बी पेशंटचंच हाय!" असा सगळा गलका.

शेवटी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले.

"हे काय आहे?"

मी पुढं झालो. घाम पुसला. "साहेब, काटा हाय. सरकारी पासिंगचा शिक्का हाय त्याला. पेशंटला पलंगासकट चढवू, मग रिकामा पलंग मोजू, वजा करू. आम्ही भरला ट्रॅक्टर आणि रिकामा ट्रॅक्टर असंच करतो."

मला वाटलं, आता हाकलणार. डॉक्टर काट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हिशेब अगदी बरोबर आहे तुमचा. पण ह्याच्यावर मोंढ्याची धूळ आहे, हा आत येणार नाही. आमच्याकडे एक पलंग आहे, त्याच्या खालीच काटा बसवलाय. त्यावरचा पेशंट आज सुधारून वॉर्डात जातोय. काकूंना तिथं घेतो. मग तर झालं?"

बघा, काय माणूस! रागवायचा सगळा हक्क असताना त्यांनी माझ्या येडेपणातलं जेवढं शहाणं होतं तेवढं उचललं. मी हात जोडले.

तोवर खाली काय झालं सांगू? पोर्चमधी काटा आयताच पडलेला. कुणाच्या तरी मावशीनं विचारलं, "भाऊ, चालू हाय का?" रफिक कसला न्हाई म्हणतोय! मावशी चढल्या. "पासष्ट!" रफिक ओरडला. मावशी म्हणाल्या, "चप्पल काढून परत घे." मग त्यांच्या मागं रांगच लागली. वॉचमन चढला, कँटीनवाला चढला, एक तरुण डॉक्टर इकडं-तिकडं बघून पटकन चढला आणि आकडा ऐकून तसाच पळाला. आठ दिवस बाकांवर तोंडं पाडून बसलेली माणसं हसत होती. मला तेवढंच समाधान.

वर सुमनला नव्या पलंगावर घेतलं. मी आणि तात्या काचेला नाक लावून. मॅडमनी बटण दाबलं, आकडा वाचला, बाहेर आल्या.

"एकाहत्तर किलो सहाशे ग्रॅम."

अहो, तात्यांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं! "चारशे ग्रॅम! नुसता चारशे ग्रॅमचा फरक! तेवढ्या तर बांगड्या काढल्यात तिच्या हातातल्या!" त्यांनी खाली जाऊन सगळ्यांना चहा पाजला. वॉचमनलाबी. रफिकनं मला मिठी मारली आणि काटा टेम्पोत चढवून निघाला. आणि मी? मिशीवरून हात फिरवला, मॅडमकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, त्यांनी टेप आता गुंडाळून ठेवावी असं मला मनातून वाटत होतं.

मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "काका, वजन तुम्ही बरोबर सांगितलंत. या दवाखान्यात असं नुसतं बघून कुणाला सांगता येणार नाही. जरा आत येता? एकटेच या."

मी हात धुऊन, गाऊन चढवून आत गेलो. त्यांनी सुमनच्या पायावरची चादर बाजूला केली आणि पावलावर अंगठा दाबला. सावकाश. मग काढला.

पावलावर खळगा. मळलेल्या कणकेवर बोट दाबल्यावर पडतो तसा. मी बघतोय, तो भरेचना.

"काका, मोंढ्यात सोयाबीन येतं ना? पावसात भिजलेलं आलं तर तुम्ही काय करता?"

"आधी ओलावा बघतो. मशीन असतंय. ओलं असंल तर..."

अहो, त्याच सीझनला, सुमनला ताप असताना, मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला चार माणसांत बोललो होतो. त्याचा माल भिजलेला. मी मूठभर सोयाबीन हातात घेतलं, दाबलं आणि म्हणालो, "बाबा, सोयाबीन विकतो का पाणी?" सगळा मोंढा हसला होता. आणि इथं माझ्या बायकोच्या अंगात सलाईनचं पाणी साठलेलं, आणि मी, एकतीस वर्षांचा मापाडी, ओल्या मालाचं वजन सुक्याच्या भावात बोलून मोकळा झालो होतो!

"रक्तदाब टिकवायला भरपूर सलाईन द्यावं लागलं," मॅडम सांगत होत्या. "आजारात ते अंगात साठतं. उतरेल हळूहळू. पण पाण्याला जेवण लागत नाही, काका. जेवण काकूंना लागतं. मी पाण्याचं पण जेवण देत होते, म्हणून त्यांना पेलत नव्हतं. आता खरं सांगा. आधीचं वजन?"

"ताई," मी म्हणालो. मॅडमच्या जागी ताईच आलं तोंडात. "मला माहीत न्हाई."

वाटलं, आता ही पोरगी मला झाडणार. झाडायलाच पायजे होतं. ती म्हणाली, "बऱ्याच जणांना नसतं हो. आम्ही म्हणूनच टेपनं मोजतो. घरात कुठं लिहिलेलं असेल का? दवाखान्याचा एखादा कागद?" एवढंच. त्या पोरीचे उपकार मी कधी फेडणार, सांगा!

मी नांदेडला लेकीला फोन लावला. तिचं दुसरं बाळंतपण नुकतंच झालेलं, म्हणून तिला मी खरं काही सांगितलंच नव्हतं. आईला जरा खोकला हाय, एवढंच.

"अर्चे, तुझ्या आईचं वजन किती गं?"

"कशाला बाबा?"

"उगंच. बसलो होतो, मनात आलं."

"बाबा, तुमच्या मनात आईचं वजन आलं?" मग आवाज बदलला. "आई कशी हाय? खरं सांगा."

सांगितलं. तिथं ती रडली, इथं मी रडलो. मग नाक ओढत म्हणाली, "छप्पन. मागच्या महिन्यात बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती, तेव्हा कार्डावर लिहिलंय. देवघराखालच्या खणात असंल."

"बीपीच्या गोळ्या?"

"वर्ष झालं की बाबा! रोज सकाळी घेती."

मी रोज सकाळी बघायचो हो ती गोळी. मला वाटायचं, पित्ताची असंल.

छप्पन! मॅडमना सांगितलं. त्यांनी वहीतला बहात्तर खोडला. त्यांच्या टेपचा अंदाजबी तिथंच आसपास आला होता. नव्यानं हिशेब केला, डॉक्टरांना दाखवला आणि त्याच दिवशी नळीतलं जेवण बदललं.

आता राहिले तात्या. ते कँटीनमधी अजून माझी थोरवी सांगत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पाणी, खळगा, छप्पन, आणि हेबी की मी त्यांच्या धाकानं आकडा ठोकून दिला होता.

तात्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, आता कॉलर धरणार. ते बाकावर बसले. म्हणाले, "मी तिला जवळ जाऊन बघून म्हणलो, अंग भरलंय. सख्खा भाऊ मी. तिला सूज आल्याली मला कळंना." खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "दर वरसाला वाळली वाळली करतो. पण सुमे, तुला काय दुखतंय का, असं एक डाव तरी इचारलं का मी? ओवाळून घेतो, साडी देतो, चाललो." आणि एवढा मोठा आवाजाचा माणूस तोंडावर टॉवेल घेऊन हुंदके द्यायला लागला. कँटीनवाल्यानं न सांगता दोन चहा आणून ठेवले. सत्तावीस वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाकावर जवळ जवळ बसलो होतो.

त्यानंतर सुमनची शुगर खाली आली. फीड पोटात ठरायला लागलं. मॅडम रोज यायच्या, थोडं वाढवायच्या, वहीत मांडायच्या. हळूहळू अंगातलं पाणी उतरलं. गोल झालेला चेहरा गेला, गालाची हाडं वर आली. तात्यांनी काचेतून बघितलं. ते म्हणाले, "हां. आता आमची सुमी दिसायली." माझ्याकडं त्यांनी बघितलंच न्हाई. मला लई बरं वाटलं.

अकराव्या दिवशी मशीन काढलं. डॉक्टर म्हणाले, "ताकद टिकली म्हणून लवकर काढता आलं." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी वरच्या वर धरलं. रेणुका मॅडमकडं बोट दाखवून म्हणाले, "त्यांना सांगा." मी त्यांच्याकडं वळून हात जोडले. त्याच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी कुणी वजन विचारलं तर?" मी म्हणालो, "ताई, आधी पाय दाबून बघीन."

दुसऱ्या दिवशी सुमनचा आवाज फुटला. सिस्टर सकाळपासून तिच्याशी गप्पा मारत होती, दोघी हसत होत्या. मी आत गेलो. अंगावर हाडं तेवढी उरलेली, हात चादरीवर. मी तो हातात घेतला. तिचे ओठ हलले. मी खाली वाकून कान लावला. एवढा कान देऊन मी तिचं कधी ऐकलं नसंल. वाटलं, लेकीचं विचारंल, न्हाईतर देवाचं नाव घेईल.

घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बहात्तर?"

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर पटकन दुसऱ्या पेशंटकडं गेली.

"सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगितलं म्हणं. बहात्तर! आणि मला मोजायला मोंढ्याचा काटा?" तिला दम लागला. थांबली. "जनाची न्हाई, मनाची तरी..."

"अगं, ऐक तर. तात्या शेजारी उभे. मॅडम विचारायल्या. मला खरंच माहीत नव्हतं. आणि तू पडलेली बेशुद्ध. मग विचारू कुणाला मी?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, दमली, झोपली. मी हळूच उठायला लागलो. तिनं हात सोडला न्हाई. आणि डोळे न उघडताच म्हणाली,

"त्याच्या आधी सत्तावीस वर्षं शुद्धीवरच होते की मी!"